तीन खाचांचा पेचकस

साहेबांनी बाबांचा काळा चष्मा काढला आणि त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. एकदा, मग पुन्हा एकदा. बाबांची पापणी हलली नाही.

"मिस्त्री, तुम तो अंधे हो," साहेब म्हणाले.

बाबा व्हरांड्यात मांडी घालून बसले होते. पुढ्यात परात, परातीत पांढरं फडकं, फडक्यावर साहेबांचा घडीचा कॅमेरा. बाबांच्या हातातला पेचकस बरोबर निवडलेला होता, तीन खाचांचा. पण त्याचं टोक पेचावर टेकलं नव्हतं. पेचाच्या शेजारी, कोऱ्या पत्र्यावर टेकलं होतं. जवाच्या दाण्याएवढं अंतर. डोळे असलेला माणूस तिथे टेकवत नाही. मी पायरीखाली पदर पुढे ओढून उभी होते. मला ते अंतर दिसत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

"फिर मेरा कॅमेरा किसने खोला था?"

"मैंनेच खोला, साहेब."

"अंधे ने?"

"हाव, साहेब."

त्या कॅमेऱ्यात फिल्म अडकली होती. फिल्मवर साहेबांच्या मुलीचे फोटो होते. मुलगी सहा वर्षांची. चार दिवसांपूर्वी हैजानं, म्हणजे पटकीनं गेली. तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

साहेब ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस लवकर थंड होतो. हे हळू बोलले. ज्यानं कॅमेरा बिघडवला त्याचं नाव कळेपर्यंत हा म्हातारा इथेच राहील, असं त्यांनी पोचय्या चपराशाला सांगितलं. पोचय्यानं बाबांना दंडाला धरून उठवलं. बंगल्यामागे लाकडं ठेवायची कोठी होती, तिकडे नेऊ लागला. बाबांनी मान माझ्या दिशेनं वळवली, थोडी चुकीच्या दिशेनं.

"पेटी घेऊन घरी जाय, चंद्रे," ते म्हणाले.

मी पेटी उचलली आणि निघाले. कॅमेरा मी खोलला होता.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुतण्याची सून म्हणाली, आत्या, मासिकाच्या अंकासाठी लिहा, कॅमेरे दुरुस्त करणारी बाई त्या काळात दुसरी नसेल. असेलही. मी इचोड्याच्या, आमच्या गावाच्या, बाहेर फारशी गेले नाही, मला काय माहीत. साहेबांचं नाव आणि खातं लिहीत नाही. त्यांची माणसं अजून असतील.

आमचं घर सोनाराचं. बाबा आधी दागिने करत. मग घड्याळं दुरुस्त करू लागले. राज्य निजामाचं, हैदराबाद-नागपूरच्या सडकेवर घर, त्यामुळे येणाराजाणारा थांबायचा. घड्याळात चाकं असतात तर यातही असतील, अशा समजुतीनं कोणीतरी पहिला कॅमेरा आणून दिला. बाबांनी तो उघडला आणि तीन दिवस नुसते बघत बसले. चौथ्या दिवशी दुरुस्त केला. पुढे बासरच्या जत्रेत फोटो काढणारे, देशमुख, साहेबलोक, सगळे आमच्याकडे येऊ लागले. बाबांना ते उस्ताद म्हणत.

माझं बाराव्या वर्षी पैनगंगेपलीकडे लग्न झालं. सोळाव्या वर्षी मी परत आले. नवऱ्याला ताप आला आणि तो गेला, त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला माहीत नाही. आई आधीच गेली होती. घरात बाबा आणि मी. विधवेला बाहेर काम नाही, म्हणून मी आत बसून घड्याळांची झाकणं पुसू लागले. पुसता पुसता उघडू लागले.

त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका फिरत्या वैदूनं सुई घालून एक डोळा साफ घालवला. दुसरा हळूहळू गेला. आम्ही कोणाला सांगितलं नाही. बाबा काळा चष्मा लावून ओट्यावर बसायचे, हातात एखादं रिकामं घड्याळ धरायचे. गिऱ्हाईक आलं की वस्तू घ्यायचे, कानाशी हलवायचे, "बुधवारी या" म्हणायचे. मागे गोणपाटाचा पडदा होता. पडद्याआड मी. दोन वर्षं सगळं काम माझ्या हातचं होतं. नाव बाबांचं.

यात मला वाईट वाटायचं असं कोणी समजू नये. लग्नाला घालायचं घड्याळ, बारशाला काढायचा कॅमेरा विधवेच्या हाताखालून गेला हे कळलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं. आम्हाला खायचं होतं.

आता कामाचं सांगते. कॅमेरा म्हणजे उजेड आत घेणारी डबी. तोंडाशी भिंग. भिंगामागे पातळ पोलादी पाकळ्या, त्यांना शटर म्हणतात. खटका दाबला की पाकळ्या डोळा मिचकावल्यासारख्या उघडून मिटतात. तेवढ्यात फोटो निघतो. पाकळ्या मिटल्या नाहीत तर उजेड आत येतच राहतो आणि फिल्म जळते. धुतल्यावर ती कोळशासारखी काळी दिसते.

हे सगळं पेचांनी धरलेलं असतं. पेच मोहरीएवढे. कॅमेरा बिघडतो तो थोडा. खरा बिघाड चुकीच्या पेचकसानं होतो. माझ्याकडे जे आले त्यातले निम्मे कॅमेरे आधी मालकानं घरी चाकूनं उघडायला बघितलेले होते. पेचाची खाच एकदा मोडली की पेच निघत नाही, आणि पेच निघाला नाही तर उस्तादाचाही उपाय चालत नाही.

बाजारातला पेचकस या कामाला चालत नाही. त्याचं टोक पाचरीसारखं असतं, खाली बारीक, वर जाड. फिरवला की खाचेतून वर चढतो आणि घसरतो. आपल्याला टोक सरळ पाहिजे, दोन्ही बाजू सपाट. रुंदी पेचाच्या डोक्याएवढी. कमी असली तर खाच कुरतडते, जास्त असली तर आजूबाजूचा रंग खरवडते. जाडी खाचेत गच्च बसेल इतकी. बाबांची परीक्षा सोपी होती. पेचकस पेचात उभा करायचा आणि हात सोडायचा. उभा राहिला तर तो त्या पेचाचा. पडला तर घासून दुरुस्त कर, नाहीतर दुसरा घे. मी ही परीक्षा आजही घेते.

आम्ही ते घरी बनवायचो. छत्रीची काडी नरम, वाकते. सायकलीचा आरा मोठ्या पेचाला चालतो, बारीक पेचाला नाही. ग्रामोफोनची सुई कडक, पण फुटते. चांगली म्हणजे विणायची पोलादी सुई. ती लाल करून तिळाच्या तेलात विझवायची, घासून चकचकीत करायची, मग दिव्यावर पुन्हा हळू तापवायची. रंग आधी गव्हाळ येतो, मग जांभळा. जांभळा दिसला की लगेच काढायची. गव्हाळावर काढली तर टोक तुटतं, जांभळा ओलांडला तर वाकतं. मूठ पितळेची. वरचं टोक गोल, तर्जनीखाली फिरेल असं. जोर तर्जनीचा, फिरवणं अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं. मनगट हलता कामा नये.

डोळे जाऊ लागले तेव्हा बाबांनी कानस घेतली आणि प्रत्येक मुठीवर खाचा पाडल्या. सगळ्यात बारीक पेचकसाला एक, त्यावरच्याला दोन, असं सातपर्यंत. सहाव्याच्या आणि सातव्याच्या खाचा दिसत होतं तेव्हा पाडल्या, पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या दिसेनासं झाल्यावर. शेवटच्या खाचा वाकड्या आहेत.

बाकी साहित्य थोडं. दोन चिमटे, त्यातला एक पितळेचा. पोलादी चिमट्यात कधी लोहचुंबक शिरतो आणि पेच त्याला चिकटून बसतो. भिंगाची कडी फिरवायला शाळेतल्या कंपासपेटीतला कर्कटक, दोन्ही टोकं घासून सपाट केलेला. धूळ उडवायला रबरी फुगा. मेणाची एक वडी, काढलेले पेच त्यात ज्या जागेचे त्या जागी रोवायला. आणि परात. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पेच पडला तर तो धरतीमातेचा झाला. सोनाराच्या घरी काम करताना पदराचं टोक पाटाला बांधतात, पडलेलं सोनं झोळीत यावं म्हणून. मी तसाच बांधायचे. माझ्या झोळीत सोनं पडलं नाही, पेच पुष्कळ पडले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक देशमुख आले. म्हणाले, "उस्ताद, फोटोत आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर काळा ठिपका येऊन राह्यला. कोनी करणी केली का?" मी आत कॅमेरा उघडला तर भिंगामागच्या कातडी भात्याच्या घडीत पालीची दोन अंडी. बाबांनी ती त्यांच्या हातावर ठेवली. देशमुख म्हणाले, "आता यायचं काय करू?" बाबा म्हणाले, "उबवा." दुसरा एक व्यापारी होता, त्याला मुलीचा रंग फोटोत उजळ यावा म्हणून भिंग बदलून पाहिजे होतं. बाबांनी त्याला हळद आणायला सांगितली, मुलीसाठी.

आता माझी चूक. घड्याळाला तेल लागतं. सुईच्या टोकावर मावेल एवढं, पण लागतं. कॅमेऱ्याच्या पाकळ्यांना तेल चालत नाही. पाकळ्या कोरड्याच चालतात. तेल लागलं की त्या एकमेकींना चिकटतात. बाबांनी हे मला सांगितलं होतं. कितीदा, ते मोजलं नाही.

साहेबांचा कॅमेरा आला तेव्हा पाकळ्या जड चालत होत्या. मी पुसल्या, तरी जडच. तेव्हा जर्मनीशी जंग चालू होती. विलायतेहून काही येत नव्हतं, सुटे भाग नाहीत, फिल्म नाही. मी दिवसभर घड्याळांचं काम केलं होतं आणि तेलाची सुई हाताशी होती. पाकळ्यांना नाही, पाकळ्यांच्या कडीला एक थेंब दिला. शटर लोण्यासारखं चाललं. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

बाबा तपासायचे ते कानानं. खटका दहा वेळा दाबून ऐकायचे. त्या दिवशीही ऐकला.

"गोड वाजून राह्यलं," ते म्हणाले. "काय केलं व?"

"पुसलं," मी म्हणाले.

हे खोटं मी का बोलले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. साहेब कॅमेरा घेऊन गेले.

त्या पंधरवड्यात उन्हं फार होती. उन्हात तेल पातळ होतं आणि पसरतं. साहेबांचा बंगला बाजारहत्नूरच्या बाजूला, जंगलाच्या तोंडाशी होता. मुलगी आजारी पडली. साहेबांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी जपून ठेवलेली शेवटची फिल्म घातली आणि खाटेवरच्या मुलीचे फोटो काढले. मध्येच शटर अडकलं. त्यांनी घाबरून फिल्म पुढे सरकवायची किल्ली जोरानं फिरवली. फिल्मला आत घड्या पडल्या आणि ती फसली. संध्याकाळी मुलगी गेली. दोन दिवसांनी मुलीची आयाही गेली.

किल्ली काढायची तर तिच्याभोवतीचे तीन पेच काढावे लागतात. साहेबांनी चाकूनं एक काढायचा प्रयत्न केला, खाच मोडली, मग थांबले आणि बाबांना बोलावणं पाठवलं. बाबांना एकटं जाता येत नव्हतं. मी बरोबर गेले. पुढचं वर लिहिलं आहे.

मी पेटी घेऊन घरी आले आणि शेजारी राहणाऱ्या चुलत्यांना सांगितलं. काका म्हणाले, "तू गप राय."

"बाबा कोठीत हायेत, काका."

"चार दिसांत सोडतीन. अंधळ्या मानसाले कोन कवरोक ठेवते? अन् तू जाऊन म्हनशील का मी केलं, तं मंग? रांडमुंड बाई कॅमेरे खोलते हे गावाले कळलं तं दुकान बी गेलं अन् भावाची अब्रू बी गेली."

"बाबाचं काय?"

"तोच म्हने ना तुले, घरी जाय म्हनून. बापाचं आयकावं."

बापाचं ऐकावं हे मला सोयीचं वाटलं. दोन दिवस मी घरात बसले. चूल पेटवली, भाकरी केली, खाल्ली. या दोन दिवसांचं कारण मी पुष्कळ वेळा शोधलं आहे. भीती होती, दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतले पेचकस पुसायला काढले. पुसताना डोळे मिटून एकेकाच्या खाचा बोटानं मोजल्या. तेव्हा लक्षात आलं. किल्लीभोवतीचे पेच निघाले की तिथली कडी सैल होते आणि तिथून आत उजेड शिरतो. साहेबांनी व्हरांड्यात, भर उजेडात, ते पेच काढायला सांगितले होते. बाबांना दिसत असतं तर त्या दिवशी फिल्म तिथेच जळाली असती. ते काम उजेडात करायचंच नव्हतं. अंधारात करायचं होतं. आणि अंधारात मोहरीएवढा पेच काढणारा माणूस साहेबांच्या कोठीत बसला होता.

मी पेटी पदराखाली घेतली आणि चालत निघाले. काकांना सांगितलं नाही. ऊन चढायच्या आत पोचले.

साहेब व्हरांड्यात होते. दाढी वाढलेली. मी या वेळी पदर मागे केला. पडद्याआडून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"साब, वो कॅमेरा मैंने खोला था. तेल मैंने डाला. बाबा को कुछ नहीं मालूम."

"तू?"

"हौ. दो बरस से सब काम मैं करती."

ते हसले. वाईट हसणं होतं ते. "अंधा मिस्त्री और बेवा औरत. और मैंने तुम लोगों को अपनी बच्ची दे दी."

"फिल्म निकालना है तो अंधेरे में पेच खोलना पडता, साब. उजाले में खोले तो सब जल जाता."

"अंधेरे में पेच कौन खोलेगा? तू?"

"मैं नहीं. मेरे बाबा."

दाराला वाळ्याचा पडदा सोडलेला होता. त्याच्या आतून बाईचा आवाज आला. रडून बसलेला आवाज.

"करने दो उन्हें."

साहेबांच्या बेगमसाहेबा. त्या मला दिसल्या नाहीत, मी त्यांना दिसत होते. दोन वर्षं मी पडद्याच्या त्या बाजूला होते, म्हणून मला ते कळलं.

पोचय्यानं बाबांना आणलं. पोचय्या तेलुगू माणूस, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचा. "पाणी देलं मी त्येला, अम्मा. थंड पाणी, इहिरीचं. उपाशी नाय ठेवलं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. बाबांचे गाल आत गेले होते. धोतर ओलं होतं. मी हात धरला तर हात गार होता. चैत्र संपत आला होता आणि हात गार.

"बाबा, तुमाले जुलाब होऊन राह्यले?"

"काल रातीपासून. काऊन आली तू?"

"मी सांगितलं समदं. तेलाचं बी."

ते म्हणाले, "म्हनूनच गोड वाजत होतं. मले कळाले पायजे होतं."

"आधी घरी चला."

"आधी काम. पेटी आनली का?"

न्हाणीघराची खिडकी घोंगड्यांनी बुजवली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आत आम्ही तिघं. बाबा पाटावर, मी समोर, साहेब भिंतीशी. दार लागलं तसं काहीच दिसेनासं झालं. साहेबांचा श्वास जोरात ऐकू येत होता. अंधाराची सवय नसलेला माणूस आधी असाच श्वास घेतो.

बाबांनी कॅमेरा मांडीत घेतला. नखानं तिन्ही पेच शोधले.

"तीन खाचांचा दे."

मी मोजून दिला. पेचकस बसल्याचा बारीकसा आवाज आला. पहिला पेच निघाला. त्यांनी तो माझ्या हाताशी आणला, मी मेणात रोवला. दुसरा निघाला. तिसऱ्यावर नख फिरवून ते थांबले.

"हे कोनं नासवलं?"

साहेबांना मराठी कळत होतं. "मैंने," ते म्हणाले. "चाकू से."

"हरकत नाही," बाबा म्हणाले. ते पहिल्यांदाच साहेबांशी मराठीत बोलले. "करवतीचं पातं दे, चंद्रे. सोनाराचं."

मोडक्या खाचेच्या आडवी नवी खाच कापायची होती. घसरलं तर पातं आत जाऊन फिल्म चिरणार. बाबांनी श्वास रोखला. पात्याचे सात फेरे मी ऐकले. मग त्यांनी कॅमेरा परातीत ठेवला, परात बाजूला सारली आणि तिथेच न्हाणीच्या मोरीत बसले. वास आला. बाबांनी चाचपडत तांब्या घेतला, हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा पुसले, कॅमेरा पुन्हा मांडीत घेतला.

"दोन खाचांचा."

तिसरा पेच निघाला. किल्ली वर आली. बाबांनी दोन बोटं आत घातली आणि घड्या पडलेली फिल्म वीतभर वीतभर सोडवली. कुठे फाटल्याचा आवाज आला नाही. ती त्यांनी साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं धरली, या वेळी बरोबर दिशेनं.

"घ्या," ते म्हणाले.

साहेब फिल्म स्वतः धूत. तीही तिथेच धुतली, पाण्यात, औषधात, पुन्हा पाण्यात. आम्ही अंधारात बसून होतो. बाबांच्या पायात गोळे येत होते, मी पोटऱ्या चोळत होते. बऱ्याच वेळानं साहेबांनी लाल कंदील लावला आणि फिल्म त्याच्यापुढे धरली.

आठ फोटोंपैकी सहा कोळसा झाले होते. तेल पोचल्यानंतरचे ते. पहिले दोन नीट होते. धुतलेल्या फिल्मवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. मुलीचं तोंड काळं दिसत होतं आणि केस पांढरे. सहा वर्षांची म्हातारी. ती कोणाकडे तरी बघून हसत होती, फोटोच्या बाहेर.

साहेब खाली बसले. नंतर उठले, बाहेर गेले आणि वाळ्याच्या पडद्याआड फिल्म दिली. परत आले तेव्हा म्हणाले, "उस्ताद, जाओ." पुन्हा उस्ताद. बाबांना उठता येत नव्हतं.

मला तहान लागली होती. पोचय्यानं विहिरीतून काढून तांब्याभर पाणी दिलं, मी उभ्यानं प्याले. पाणी खरंच थंड होतं. साहेबांच्या घरात मुलगी गेल्यापासून उकळलेलं पाणी पीत होते. चाकरांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पोचय्यानं बैलगाडी जुंपली, खाली गवत घातलं.

बाबा इचोडा यायच्या अर्धा कोस आधी गेले. वाटेत एकदाच बोलले होते, "पेच मेनातून काढून जागेवर लावले का?" मी लावले नव्हते. मी लावले म्हणाले. त्यांच्याशी माझं दुसरं खोटं.

मी पहिल्याच दिवशी पायरीखालून बोलले असते तर ते त्या विहिरीचं पाणी एकही रात्र प्यायले नसते. हे मला कोणी समजावून सांगू नये. पुष्कळांनी सांगून झालं आहे.

दुकान बसलं नाही. काकांचा अंदाज चुकला. मी गोणपाट काढून टाकला आणि ओट्यावर बसले. काही महिने कोणी आलं नाही. मग येऊ लागले, कारण दुसरा कोणी नव्हता. लग्नाला विधवेच्या हातचं घड्याळ नको म्हणणारे लग्नानंतर ते बंद पडलं की माझ्याकडेच आणत. निजामाचं राज्य गेलं, तरी माझं काम चालू राहिलं. डोळे अधू होईपर्यंत मी ते केलं. हाताखालून गेलेल्या कॅमेऱ्यांची गणती नाही. पाकळीला तेल पुन्हा दिलं नाही. साहेबांचा कॅमेरा मला पुन्हा दिसला नाही. त्याचे तीन पेच मेणाच्या वडीत आहेत, तिसऱ्याला आडवी खाच आहे.

पेचकस सातही आहेत. पुतण्याची सून म्हणते, आता डबीत बंद, रंगीत मुठींचे, बावीस-बावीस मिळतात. मी बघितले. चांगले आहेत. घेणाऱ्यानं एवढंच करावं, पेचात उभा करून हात सोडून बघावा.

पोचय्याला त्याच संध्याकाळी हैजा झाला, मला दुसऱ्या दिवशी. त्या विहिरीच्या पाण्यानं आजारी पडलेली आम्ही पाच माणसं. साहेबांची मुलगी, तिची आया आणि माझे बाबा गेले. पोचय्या आणि मी जगलो.